ऐन सिद्रचे पाहुणे

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. गावात हे चार जणांनी चार तऱ्हांनी सांगून झालंय, आणि प्रत्येक वेळी त्यात कुणीतरी मीठमसाला घातलाय. म्हणून आता माझ्या तोंडून ऐका.

तीन वर्षांतून एकदा ऐन सिद्रचं, म्हणजे आमच्या झऱ्याचं, कुंड उपसतात. बाप्ये पाण्याच्या भुयारात शिरून गाळ काढतात, ढासळलेले दगड ओढून बाहेर आणतात. तेवढे दिवस कुंडातले मासे आमच्या घरी पाहुणे. माझ्या सासूच्या सासूपासून हा मान आमच्या घराचा. अंगणात आंब्याखाली मोठे घडे मांडायचे, त्यांत कुंडाचंच पाणी भरायचं, मासे सोडायचे, तोंडाला ओलं फडकं बांधायचं. काम झालं की सगळं गाव जमतं आणि घरच्या बाईनं ते आपल्या हातानं परत कुंडात सोडायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा तीस घडे लागायचे, शेजारणींच्या हातापाया पडून मागून आणावे लागत. यंदा चार पुरले. चारांतही जागा उरली.

कुंडाच्या तळाशी वाळूतून पाणी उमळतं. अंगाइतकं कोमट. थंडीत तेवढंच, उन्हाळ्यात तेवढंच, त्याला ऋतू ठाऊक नाही. जिथं उमाळा असेल तिथंच हे मासे अंडी घालतात, हातभर पलीकडेही नाही. पूर्वी असे नऊ उमाळे होते. खालच्या माळावर बोअर झाल्यापासून पाणी खोल खोल गेलं आणि उमाळे एकेक करून निजले. आता एक धड आहे, दुसरा रडतखडत. उमाळे गेले तसे मासेही गेले. यंदा मोजले तर त्रेसष्ट. बोटाएवढे, फिकट, राखेच्या रंगाचे. ते गेले की संपलं. दुसऱ्या झऱ्याचे आणून सोडले तर आठ दिवसही काढत नाहीत, आमच्या सासऱ्यांनी करून पाहिलं होतं. ज्याचं पाणी त्यालाच मानवतं.

तर असे शेवटचे त्रेसष्ट जीव माझ्या अंगणात होते. त्यांना परत कुंडात पोचवायचं, एवढं एकच काम माझ्याकडे होतं.

बद्रिया माझी सून. सूर गावची, दर्यावरची. बापाच्या दोन होड्या आहेत. गाव मला ज्याच्यावरून उम्म नबहान, नबहानची आई, म्हणतं तो माझा मुलगा तेलाच्या विहिरींवर कामाला असतो, चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस घरी. त्यानंच तिला पसंत केली, मी नुसतं हो म्हटलं. चौदा महिने झाले होते लग्नाला. पहिल्या दिवशी घडे भरले तेव्हा ती वाकून बघत राहिली.

"उम्मी, हेच ते मासे?"

"हेच."

"आमच्याकडे गळाला लावायचे मासे याहून मोठे असतात."

"तुमच्याकडे दर्या आहे गं बाई. ज्याच्या घरी कोठारं भरलेली, त्यानं दुसऱ्याच्या मूठभर दाण्यांना हसू नये."

"हसले नाही मी. लहान आहेत एवढंच म्हटलं."

"पाणी जेवढं आहे तेवढंच वाढतात. त्यांना अक्कल आहे."

माझी जीभ अशीच आहे. बोलून जाते आणि मग मला कळतं की बोलले. तिनं मान खाली घातली आणि फडकी पिळायला घेतली.

तिचं मी काही कमी केलं नव्हतं, हे मला तेव्हा अगदी खरं वाटायचं. घरातली मोठी खोली दिली. रोज बकऱ्याचं मटण, शुक्रवारी गोड हलवा. कामाला हात लावू दिला नाही, पाटावर कपडे धुवायलासुद्धा नाही. पण पोरगी दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. शेजारची शिनूना तर येताजाता विचारायची, "काय गं उम्म नबहान, सून रुळली का? खाऱ्या पाण्याचं रोप आहे, गोड्यात धरतं का बघ." मी तिला हसून घालवायचे. आणि कुंड उपसायच्या आदल्या सकाळी मी बद्रियाला फोनवर आईशी बोलताना ऐकलं. "मी येते. इथे नाही जमत मला," एवढंच कानावर पडलं. मी काही बोलले नाही. मला राग आला होता, आणि रागाखाली काय होतं ते बघायची मला सवय नाही.

एरवी दीड दिवसात काम आटपतं. या खेपेला भुयारात मोठी दरड बसलेली निघाली. दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला, अजून दोन दिवस लागतील. भर उन्हाळ्यासारखं ऊन, आंब्याच्या सावलीतही झळा. बद्रिया गाडी घेऊन माणसांना भात पोचवायला गेली होती. मी फडकं उचलून पाहिलं तर मासे सगळे वर आलेले, तोंडं उघडून धापा टाकतायत.

आता तुम्हीच सांगा, उन्हातून कुणी धापा टाकत दारात आलं तर आपण काय करतो? नाव-गाव नंतर, कहवा-खजूर नंतर, आधी गार पाणी. हे मला आईनं शिकवलं, आईला तिच्या आईनं. ओसरीत आमचा मातीचा घडा टांगलेला असतो, वाऱ्यावर पाझरून पाणी असं गार होतं की दात शिवशिवतात. पाणीही परकं नव्हतं, ऐन सिद्रचंच होतं, चार दिवसांपूर्वी भरलेलं. त्यांच्याच घरचं पाणी, फक्त गार केलेलं. मी मोठ्या मायेनं चारही घड्यांत ओतलं. "प्या रे बाळांनो," असंही म्हणाले. ते आठवलं की अजून मला लाज वाटते.

मासे एकदम थांबले. मला वाटलं, जिवाला बरं वाटलं. मग एक कलंडला. मग दहा. मग पाण्यावर नुसती पांढरी पोटं.

मी तिथंच मातीत बसले. बासष्ट वर्षांची बाई मी, गावात कुणाच्या घरी बाळंतपण असो की मयत, मला बोलावतात, आणि मला चार घडे सांभाळता आले नाहीत. मोठ्यानं रडावंसं वाटत होतं, पण शिनूनाची भिंत मध्ये एवढीशी आहे.

गाडीचा आवाज आला. बद्रिया आत आली, माझ्याकडे बघितलं, घड्याकडे बघितलं.

"काय घातलंत?"

"गार पाणी. त्यांना उकडत होतं."

तिनं घड्यात हात घातला आणि चटका बसावा तसा काढला. "उम्मी, उकडत नव्हतं त्यांना. गुदमरत होते. साचलेल्या पाण्यातला दम संपला की मासे वर येऊन तोंडं मारतात. आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा..." आणि मग तिनं जीभ चावली.

"बोल," मी म्हटलं. "बोल, आज माझी बोलणी खायची पाळी आहे."

ती बाही वर सारून एकेक मासा दोन बोटांत धरून बघायला लागली. कल्ले बघत होती. "सगळे मेले नाहीत. काही नुसते गारठलेत. ऊन पाणी हवं, त्यांचंच. चुलीवरचं नको. कुठं मिळेल?"

कुंड तर कोरडं. मी म्हटलं, "वर मायविहिरीत. तिथून भुयार सुरू होतं. तिथलं पाणी तसंच निघतं, कोमट."

"चला मग."

"गाडी तू चालवणार? त्या वादीतून?"

"नाही, गाढव चालवेल. बसा."

आजवर मी तिच्या शेजारी बसून कधी गेले नव्हते. वादी म्हणजे कोरडी नदीच, तिच्यातले गोटे असे की दात हलतात, आणि ही पोरगी होडी हाकावी तशी गाडी हाकत होती, लाटेला तिरकी घालतात तशी प्रत्येक खड्ड्याला तिरकी. मी दरवाजा घट्ट धरून बसले आणि येत होत्या तेवढ्या सगळ्या कुराणाच्या आयता म्हणून टाकल्या. मायविहिरीवर दोघींनी मिळून बादल्या ओढल्या. पंचवीस हात खोल. पहिली बादली वर आली आणि मी बोटं बुडवली तर पाणी कोमट, झोपेतून उठलेल्या लेकराच्या गालासारखं. पिंपं भरली, वरून घोंगड्या गुंडाळल्या, आणि तसंच धडधडत खाली आलो.

मी पिंपच घड्यात उलटं करायला निघाले होते. तिनं माझा हात धरला.

"असं नको. पुन्हा झटका बसेल. वाटी वाटीनं."

वाटी वाटीनं ओतलं. ती घड्यातलं पाणी ओंजळीनं उचलायची आणि हातभर वरून सोडायची, पुन्हा उचलायची, पुन्हा सोडायची. फेस यायचा. म्हणाली, पाण्यात असा दम भरतो. मध्येच एखादा मासा तळहातावर घेऊन पाण्याखाली पुढे-मागे करायची, तोंडातून पाणी आत जावं म्हणून. मीही तसंच करायला लागले. माझ्या हातातला पहिला नाही हलला. दुसराही नाही.

"हे कुठं शिकलीस?"

"बाबांच्या होडीवर. मला मुलांसारखं जाळं ओढू देत नसत. गळाला लावायचे जिवंत मासे सांभाळायचं काम माझं. सातव्या वर्षापासून. पहाटे निघायचो, सूर्य डोक्यावर येईपर्यंत मी नुसती पाणी उचलायची आणि सोडायची. एक जरी मेला तरी बाबा म्हणायचे, बद्रिया, आज जेवण एका माणसाचं कमी झालं."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत, उम्मी."

खरंच होतं ते. चौदा महिने मी तिला खाऊ घातलं, निजायला मऊ गादी दिली, आणि तिला एक प्रश्न विचारला नव्हता. तेवढ्यात माझ्या हातातला मासा शेपटी फिरवून निसटला. मी तिच्याकडे बघितलं. ती हसली. माझ्या घरात मी तिला असं हसताना पहिल्यांदा बघत होते.

संध्याकाळची, मगरिबची बांग झाली तोवर अकरा जगले. बावन्न गेले. आंब्याखाली खड्डा करून मी ते पुरले, आणि पुरताना रडून घेतलं.

पुढचे दोन दिवस आम्ही दोघींनी आळीपाळीनं पाणी उचललं आणि सोडलं. रोज दोनदा मायविहिरीवर. अकरांतला एकही गेला नाही. आणि पूर्ण वेळ माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, पाचव्या दिवशी काय सांगायचं.

आमच्याकडे रीत आहे. मासे सोडायच्या आधी फलजचा, म्हणजे आमच्या पाटाचा, कारभारी सगळ्यांदेखत विचारतो, "पाहुणे नांदले?" घरची बाई म्हणते, "नांदले." मग सोडायचे. कारभारी मुहन्ना, माझ्या नवऱ्याचा दोस्त. माझा नवरा जाऊन सहा वर्षं झाली, तरी मुहन्ना आमच्या दारावरून जाताना अजून सलाम करतो. अशा माणसाला तोंड कसं दाखवायचं?

पाचव्या दिवशी सकाळी कुंडाच्या काठी सगळं गाव उभं होतं. कुंडात गुडघाभर नितळ पाणी आलं होतं, आणि तळाशी, देवाची कृपा, दोन्ही उमाळे वाळू उडवत होते. एकच घडा घेऊन आम्ही आलो. लोकांनी एक घडा बघितला आणि कुजबूज सुरू झाली.

मुहन्नानं काठी टेकली. "उम्म नबहान, पाहुणे नांदले?"

मी तोंड उघडायच्या आत बद्रिया पुढे झाली. "अकराच नांदले, चाचा. बाकीचे माझ्या हातून गेले. मी गार पाणी घातलं. मला ठाऊक नव्हतं."

"मी म्हटलं नव्हतं?" शिनूना कुणाला तरी म्हणाली. हळू बोलायला तिला कधी जमलंच नाही.

पण बाकी लोकांच्या चेहऱ्यावरचा राग मात्र उतरला. परक्या गावची पोर, नवी, तिला काय ठाऊक. मुहन्नाही मान हलवायला लागला. अजाण माणसाची चूक आमच्याकडे धरत नाहीत, घराचा मान जात नाही. सगळं कसं आयतं जुळून आलं होतं. मी फक्त गप्प राहायचं होतं. आणि खरं सांगते, दोन श्वास मी गप्प राहिले. ते दोन श्वास माझ्या नावावर राहणार आहेत.

मग मी म्हटलं, "पोर खोटं बोलतेय. पाणी मी घातलं. बावन्न माझ्या हातून मेले. जे अकरा आहेत ते हिनं जगवले, हिला येतं ते आपल्या गावात कुणालाच येत नाही."

उमाळ्याचा बुडबुड आवाज तेवढा ऐकू येत होता. मुहन्नाचे डोळे भरले, पण रीत ती रीत. "मग मान तुझ्या घरी राहत नाही, उम्म नबहान. शेजारच्या घरी जाईल."

शेजारचं घर म्हणजे शिनूना. तिची छाती क्षणभर फुगली. मग मुहन्ना पुढचं बोलला, जे सगळ्यांना ठाऊक होतं पण त्या घडीला कुणाच्या ध्यानात नव्हतं. ज्या घरी हे मासे पाहुणे, त्या घरात मासा शिजत नाही. ताजा नाही, सुकाही नाही. "आजपासून हा नियम शिनूनाच्या घराला. उम्म नबहानचं घर मोकळं." शिनूनाच्या नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला, त्याला खारवलेल्या मुशीशिवाय भात जात नाही.

पण मी त्याच्याकडे बघत नव्हते. मी बद्रियाकडे बघत होते. दोन होड्यांच्या घरातली पोर, आणि चौदा महिने तिच्या ताटात मासा नव्हता. पहिल्याच दिवशी मी तिला नियम सांगितला होता, ती "बरं" म्हणाली होती. पुन्हा कधी विषय काढला नाही तिनं. मी मात्र मटण वाढत राहिले आणि मनात म्हणत राहिले, एवढं करूनही हिचं तोंड वाकडंच.

अकरा मासे मी सोडले नाहीत. घडा तिच्या हातात दिला. तिनं तो पाण्यात आडवा धरला, ते आपापले बाहेर आले आणि सरळ मोठ्या उमाळ्याकडे गेले.

परतताना ती माझ्यावर चिडली होती. "कशाला बोललात? मी जाणारच होते. माझ्या नावावर राहिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"ठाऊक आहे जाणार आहेस ते. फोनवर ऐकलं मी."

ती थांबली. "ऐकलंत आणि काही म्हणाला नाहीत?"

"काय म्हणणार? मला बोलता येतं ते सगळं टोचणारं. गोड बोलायला कुणी शिकवलंच नाही." "जायचं असेल तर जा. नबहानलाही घेऊन जा, मी आड येणार नाही. पण माझी चूक पदरात बांधून नेऊ नकोस. आणि माझं विचारशील तर, जाऊ नकोस. मला तू आवडतेस. तुझ्याविना घर खायला उठेल मला. तुला काय हवं असतं ते मला कळत नाही, तूच सांगत जा."

ती बराच वेळ वाळू तुडवत चालत राहिली. खजुरांची बाग संपली, आमचं दार दिसायला लागलं, तेव्हा म्हणाली, "सुरमई."

शुक्रवारी पहाटे आम्ही दोघी गाडीनं निझवाच्या बाजाराला गेलो. मी कल्ले उघडून बघायला लागले तर तिनं माझ्या हातावर चापट मारली, म्हणाली, तुम्ही मासा निवडू नका, तुम्हाला ताजा-शिळा कळायचा नाही. त्या शुक्रवारी सुरमई शिजली, मग प्रत्येक शुक्रवारी. सुक्या लिंबात आणि हळदीत. बेचाळीस वर्षांनी मी मासा खाल्ला आणि पहिल्याच घासाला काटा अडकवून घेतला. तिनं भाताचा मोठा गोळा माझ्या तोंडात कोंबला. फोनवर आईला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. तेवढं तिचं तिच्यापाशी.

अशाच एका शुक्रवारी, दीड-दोन महिने झाले असतील, आम्ही नुकत्याच ताटावर बसलो होतो आणि शिनूना दारात आली. आत येईना. उंबऱ्यावर उभी राहून नाक वर करून वास घेत होती बिचारी.

"ये ना," मी म्हटलं. "वास घ्यायला बंदी नाही."

"तुझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच," ती म्हणाली. मग बद्रियाकडे बघून म्हणाली, "पोरी, जरा कुंडावर येतेस का? मोठ्या उमाळ्यापाशी वाळूत काहीतरी वळवळतंय. जिऱ्याएवढं. खूप आहेत. पिल्लं की किडे, मला बाई कळत नाही, आणि मला हात लावायची भीती वाटते."

बद्रिया तशीच उठली. हातही धुतले नाहीत, चप्पलही नाही. अंगण ओलांडून पळाली, शिनूना मागून "अगं हळू" म्हणत. ती परत येईपर्यंत मी तिचं ताट झाकून ठेवलं.